बीच कॅटमरान: पहिल्या शिडापासून पहिल्या रेगाटापर्यंत

बीच कॅटमरान, म्हणजे वाळूवरून पाण्यात ढकलायची दोन अंगांची शिडाची होडी, शिकू पाहणारे बहुतेक जण आधी एकट्याने भरपूर सराव करायचा आणि हात बसला की शर्यतीकडे वळायचे, असा बेत आखतात. माझ्या मते हा क्रम बदलायला हवा. होडी हवी तेव्हा थांबवता आली, उलटल्यावर सरळ करता आली आणि सुखरूप किनाऱ्याला लावता आली, की लगेच एखाद्या रेगाटामध्ये, म्हणजे होड्यांच्या शर्यतींच्या मेळाव्यात, नाव द्यावे. उरलेले शिक्षण ताफ्याच्या शेपटाला राहून जितक्या झपाट्याने होते, तितके मोकळ्या पाण्यात एकट्याने घिरट्या घालून होत नाही. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे: आधी होडी, मग पाणी, मग उलटणे आणि शेवटी शर्यत.

होडीची ओळख आणि निवड

या होडीला दोन अरुंद, लांबट, पोकळ अंगे असतात, त्यांना हल म्हणतात. दोन आडव्या दांड्यांनी ते जोडलेले असतात आणि त्यांच्यामध्ये ताणून बसवलेल्या जाळीवजा कापडावर, म्हणजे ट्रॅम्पोलिनवर, दोघे जण बसतात. एकाच अंगाच्या होडीला तोल सांभाळण्यासाठी वजनदार तळ लागतो. इथे ते काम दोन हलमधले अंतर करते. त्यामुळे होडी हलकी राहते, गुडघाभर पाण्यातही चालते आणि थेट वाळूवर ओढून ठेवता येते. कॅलिफोर्नियातील सर्फबोर्ड बनवणारे होबी आल्टर यांनी १९६८ साली होबी १४ बाजारात आणली आणि त्यानंतर आलेल्या होबी १६ या होडीने हा खेळ जगभरच्या किनाऱ्यांवर पोहोचवला. होबी १६ची लांबी सुमारे ५ मीटर, रुंदी २.४ मीटर आणि वजन १४५ किलोच्या आसपास असते. चांगला वारा मिळाला तर ती १५ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरचा, वेग सहज गाठते. पाण्याला इतके लागून बसलेले असताना हा वेग अंगावर येतो, आणि या खेळाची गोडी लागते ती इथेच.

नवशिक्याने पहिली होडी निवडताना वेगापेक्षा आपल्या परिसरात कोणत्या वर्गाच्या होड्या जास्त आहेत हे पाहावे. शेजारी त्याच होड्या असतील, तर सुटे भाग मिळतात, दोऱ्या कशा ओवायच्या ते दाखवणारे कोणीतरी भेटते आणि शर्यतीत समोरासमोर तुलना करता येते. होबी १६ आणि डार्ट १८ या दोन्हींना तळाखाली वर-खाली करायचे पाते नसल्यामुळे उथळ किनाऱ्यावर त्या सोयीच्या पडतात. ए-क्लास ही एकट्याने चालवायची, जेमतेम ७५ किलोची होडी फार देखणी असते, पण नवशिक्याच्या हाती देण्याची ती नव्हे. ऑलिंपिकमध्ये १९७६ ते २००८ या काळात टोर्नेडो ही कॅटमरान होती आणि २०१६पासून एक पुरुष आणि एक स्त्री अशा जोडीने चालवायची नाक्रा १७ आहे. या होड्या पाहाव्यात जरूर, पण त्यांवर शिकायला जाऊ नये.

जुनी होडी घेताना रंगाकडे पाहून भुलू नये. पुढच्या आडव्या दांडीच्या आसपास हलचा वरचा भाग अंगठ्याने जोर देऊन दाबत जावे. तो भाग दबत असेल किंवा दाबताना करकर असा आवाज येत असेल, तर आतला फोम फायबरच्या थरापासून सुटलेला आहे असे समजावे. ही दुरुस्ती शक्य असली तरी मन लावून करावी लागते, आणि दबणारा भाग मोठा असेल तर होडी सोडून द्यावी. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांवरून कापडाचा तुकडा फिरवावा. तुटलेला धागा कापडात अडकतो, आणि एक जरी धागा तुटला असेल तरी ती तार बदलायची असते. ट्रॅम्पोलिनची शिवण उन्हाने कुजते, म्हणून तीही नखाने खरवडून पाहावी.

अंगावर काय घालावे

उत्प्लावक जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात उतरू नये, यात कोणतीही सूट नाही. कपडे हवेच्या नव्हे, तर पाण्याच्या तापमानानुसार निवडावेत, कारण या खेळात भिजणे गृहीतच असते. पाणी थंड असेल तर वेटसूट, दोऱ्या ओढण्यासाठी हातमोजे, ट्रॅम्पोलिनवर आणि हलच्या कडेवर घसरणार नाहीत असे बूट, गळ्यात शिटी आणि दोरी कापण्यासाठी बोथट टोकाची सुरी एवढे सामान पुरते. ट्रॅपीझ, म्हणजे होडीबाहेर लटकण्यासाठी डोलकाठीवरून आलेली तार, तिच्यासाठी अंगावर बांधायचा पट्टा म्हणजे हार्नेस, तो घट्ट बसणारा असावा. तो सैल असला तर बाहेर लटकताना सगळा भार कमरेवर येतो आणि अर्ध्या तासात उत्साह मावळतो.

शीड चढवण्यापूर्वी

डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून आकाशाकडे पाहावे. विजेची तार दिसली, तर होडी तिथून दूर न्यावी, मगच काम सुरू करावे. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते आणि तारेला तिचा स्पर्श होऊन जीव गेल्याचे अपघात घडलेले आहेत. त्यामुळेच होबी १६च्या डोलकाठीचा वरचा भाग पुढे वीज न वाहणाऱ्या फायबरचा करण्यात आला. तरीही ओली काठी आणि तारा यांच्या बाबतीत कोणत्याही साहित्यावर विसंबू नये. ज्या वाटेने होडी पाण्याकडे न्यायची, ती वाटही आधी चालून पाहावी.

होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे करून उभी करावी, म्हणजे शीड चढवताना ते नुसते फडफडते आणि होडी ओढली जात नाही. एकाने डोलकाठी उचलून ढकलायची आणि दुसऱ्याने पुढच्या तारेला लावलेली दोरी ओढायची, असे दोघांनी काम करावे. पिनांच्या टोकांना असलेल्या बारीक कड्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी, कारण त्या दोरीत अडकून निघून येतात आणि एका कडीपायी सगळी डोलकाठी आडवी होते. हलमध्ये साचलेले पाणी काढून टाकण्यासाठी मागे जी भोके असतात, त्यांची बुचे घट्ट बसवली आहेत का हे सर्वांत शेवटी, होडी पाण्यात ढकलण्याच्या अगदी आधी, पुन्हा एकदा पाहावे.

वारा किती असावा, हा प्रश्न नवशिके नेहमी विचारतात. पहिले काही दिवस ४ ते १० नॉट, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफोर्ट मापनातील दोन ते तीन, इतका वारा पुरेसा आहे. पाण्यावर जागोजागी पांढरे फेस दिसू लागले, की नवशिक्याची मर्यादा जवळ आली असे समजावे. वाऱ्याच्या वेगापेक्षा त्याची दिशा जास्त महत्त्वाची असते. किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा उत्तम, कारण तो जाताना आणि येताना सारखाच सोयीचा पडतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात किनाऱ्यालगतचे पाणी शांत आणि मोहक दिसते, पण दूर गेल्यावर वारा वाढतो आणि परतताना तोच समोरून अंगावर येतो. बचाव नौका पाण्यात नसेल, तर अशा दिवशी नवशिक्याने निघूच नये.

पाण्यात

किनाऱ्यावर एकाने पुढची तार धरून होडी वाऱ्याकडे तोंड करून पाण्यात धरावी आणि दुसऱ्याने वर चढून सुकाणू अर्धवट खाली सोडावे. पाणी पुरेसे खोल झाले, की सुकाणू पूर्ण खाली करून ते कुलुपात बसले आहे याची खात्री करावी. लाटा असतील, तर होडी आणि किनारा यांच्या मधे कोणीही उभे राहू नये. एका लाटेने ढकललेली होडी पायांवर आदळली, तर तिचे वजन तेव्हा कुठे कळते.

पुढे वाचताना एवढे लक्षात ठेवावे, की ज्या बाजूने वारा येतो ती वाऱ्याकडची आणि जिकडे तो निघून जातो ती वाऱ्यापलीकडची बाजू. स्किपर, म्हणजे सुकाणू सांभाळणारा, आणि क्रू, म्हणजे त्याचा जोडीदार, दोघेही सहसा वाऱ्याकडच्या हलवर बसतात. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, ज्या बाजूला ढकलाल, त्याच्या उलट बाजूला नाळ वळते. वेग कमी करायचा असेल तर मुख्य शिडाची दोरी, म्हणजे मेनशीट, सोडावी. शीड फडफडू लागले की होडी मंदावते. हे थांबणे सरावाने अंगवळणी पडेपर्यंत बाकी काहीही शिकू नये. मेनशीट हातातून सुटणार नाही आणि खाचेत अडकून बसणारही नाही, अशी सवय हाताला लावून घ्यावी.

कॅटमरान वाऱ्यातून वळवणे, म्हणजे टॅक करणे, हे नवशिक्याला सर्वांत जास्त छळते. होडी हलकी असल्यामुळे वेग लवकर सरतो, दोन हल पाण्याला रेटत राहतात, आणि अर्ध्या वळणावर होडी वाऱ्याकडे तोंड करून कोंबड्याच्या आकाराच्या वातदर्शकासारखी अडकते. हे टाळण्यासाठी आधी वारा येतो त्या दिशेच्या जास्तीत जास्त जवळ, पण वेगात, जावे. मग टिलर एकदम न रेटता हळूहळू ढकलत वळण सुरू करावे. नाळ वाऱ्यासमोर येऊ लागली की क्रूने पुढचे शीड, म्हणजे जिब, जुन्याच बाजूला ताणून धरावे, त्यामुळे वारा त्या शिडावर उलट्या बाजूने भरतो आणि नाळ पुढे ढकलतो. त्याच वेळी स्किपरने मेनशीट हातभर सोडावे, कारण घट्ट ताणलेले मुख्य शीड नाळेला पुन्हा वाऱ्याकडेच वळवते. शिडातल्या पट्ट्या नव्या बाजूला फुगल्या, की दोघांनी बाजू बदलावी, जिब नव्या बाजूला घ्यावी आणि मेनशीट थोडे थोडे ओढत वेग परत मिळवावा. घाईने ओढले तर होडी पुन्हा वाऱ्यात घुसते.

तरीही होडी अडकली आणि मागे सरकू लागली, तर घाबरू नये. मागे जाताना सुकाणूचे काम उलटे होते. बूम, म्हणजे मुख्य शिडाच्या खालची आडवी दांडी, आणि टिलर दोन्ही एकाच बाजूला, म्हणजे स्वतःपासून दूर ढकलून धरावे, होडी मागे जात जात वळते, आणि बाजूने वारा मिळू लागला की दोन्ही आपल्याकडे ओढून पुढे निघावे.

वारा जिकडे वाहतो त्या दिशेने जाताना सरळ नाक धरून जाणे हा सर्वांत मंद मार्ग असतो. या होड्यांच्या स्वतःच्या वेगामुळे त्यांवर जाणवणाऱ्या वाऱ्याची दिशा बदलते. पुढच्या तारांना बांधलेला दोऱ्याचा किंवा लोकरीचा तुकडा साधारण आडवा, नाळेशी काटकोनात, उडत असेल अशा कोनात नागमोडी गेल्यास अंतर वाढूनही होडी लवकर पोहोचते. हे कागदावर वाचून पटत नाही, मात्र शेजारून अशी होडी पुढे निघून गेली की लगेच पटते.

ट्रॅपीझ आणि उचललेला हल

वारा वाढला की वाऱ्याकडचा हल पाण्यातून वर येऊ लागतो. तो थोडासाच वर राहिला, तर पाण्याचा विरोध कमी होतो आणि होडी सुसाट सुटते. जास्त वर गेला तर ती उलटते. हा तोल राखण्यासाठी क्रू हार्नेसचा हुक ट्रॅपीझच्या तारेच्या कडीत अडकवून होडीच्या बाहेर उभा राहतो. प्रथम बसल्या जागीच हुक अडकवून भार तारेवर टाकावा, मग पुढचा पाय हलच्या कडेवर रोवून हळूच बाहेर सरकावे, आणि गुडघे सरळ करून दोन्ही पाय थोडे लांब ठेवावेत. पुढचा पाय सरळ आणि पक्का नसेल, तर होडी लाटेत अडखळताच माणूस पुढच्या तारेवर जाऊन आदळतो. अंगाखालून पाणी धावत असताना पाठीला वाऱ्याचा रेटा जाणवतो आणि हाताला फक्त जिबची दोरी असते. हे सुख एकदा अनुभवले, की ट्रॅम्पोलिनवर बसून जाणे सपक वाटू लागते.

झुळूक अचानक वाढली तर काय करायचे, हे होडी कोणत्या दिशेने चालली आहे यावर ठरते. वाऱ्याच्या जवळून जात असताना मेनशीट सोडावे किंवा नाळ किंचित वाऱ्याकडे न्यावी. वारा मागच्या बाजूने तिरका येत असताना मात्र नाळ वाऱ्याकडे वळवली तर कल वाढतो, म्हणून तेव्हा वजन मागे सरकवून नाळ वाऱ्यापासून दूर न्यावी. या दिशेत वाऱ्यापलीकडच्या हलचे पुढचे टोक पाण्यात घुसले, तर होडी डोक्यावरून पालथी पडते. वजन मागे ठेवणे हाच त्यावरचा पहिला उपाय आहे.

होडी उलटल्यावर

हा धडा शांत हवेत, मुद्दाम होडी उलटवून, किनाऱ्याजवळ गिरवावा. पहिला नियम असा, की होडी सोडून पोहत जायचे नाही. वाऱ्याने वाहणाऱ्या होडीला पोहून गाठता येत नाही, आणि शोध घेणाऱ्यांना पाण्यातल्या डोक्यापेक्षा होडी कितीतरी लवकर दिसते. दुसऱ्याला हाक मारून तो दोरीत किंवा शिडाखाली अडकलेला नाही याची खात्री करावी. मग मेनशीट आणि जिब दोन्हीच्या दोऱ्या खाचांतून मोकळ्या कराव्यात, नाहीतर होडी सरळ होताच शिडे भरून ती पुन्हा उलटते किंवा एकटीच निघून जाते.

एकाने खालच्या हलवर नाळेकडे सरकावे. वजनाने पुढचे टोक पाण्यात रुतते, होडी वाहता वाहता वळते आणि नाळ वाऱ्याकडे येते. आता होडी सरळ करण्यासाठी जी खास दोरी असते, ती वरच्या हलवरून टाकून दोघांनी खालच्या हलवर उभे राहावे आणि शरीर ताठ ठेवून मागे झुकावे. सुरुवातीला काहीच हलत नाही, डोलकाठी पाण्याला चिकटल्यासारखी वाटते. धीर धरून झुकलेलेच राहावे. शिडावरून पाणी निथळू लागते, वारा शिडाखाली शिरतो आणि मग होडी एकदम वर येते. त्या क्षणी वरचा हल डोक्यावर पडणार नाही अशा बेताने पुढच्या दांडीजवळ सरकावे आणि होडी दुसऱ्या बाजूला उलटू नये म्हणून दांडीला लटकून राहावे. हलक्या वजनाच्या जोडीला हे जमत नाही, त्यांनी बचाव नौका जवळ असल्याशिवाय निघू नये. डोलकाठीच्या टोकाला तरंगता फुगा असेल, तर होडी पूर्ण पालथी होत नाही, आणि शिकणाऱ्याने तो लाज न बाळगता लावावा.

पहिली रेगाटा

शक्य असेल तर पहिल्या रेगाटाला अनुभवी स्किपरचा क्रू म्हणून जावे. क्रूची गरज असणारे स्किपर नेहमीच असतात, त्यांना फक्त विचारावे लागते. होबी १६च्या शर्यतीत दोघांचे मिळून किमान वजन सुमारे १२९ किलो असावे लागते आणि कमी पडेल तितके वजन होडीवर लादावे लागते, त्यामुळे एखाद्या हलक्या स्किपरला तुमच्या वजनाचाही उपयोग होऊ शकतो.

शर्यतीची सूचना आणि शर्यतीचे नियमपत्रक हे दोन कागद आधी वाचावेत. नोंदणी, विमा, वर्ग, मार्ग आणि वेळेची मर्यादा यांत असते. सकाळच्या बैठकीला हजर राहावे, कारण बदल तिथे सांगितले जातात. निघताना आणि परतल्यावर नोंद करायची पद्धत असेल तर ती चुकवू नये. तुम्ही नोंद न करता घरी गेलात, तर कोणीतरी अंधार पडेपर्यंत तुम्हाला पाण्यात शोधत बसते.

किनाऱ्यावर होडी तयार करताना शेजाऱ्याकडे पाहणे हे अर्धे शिक्षण असते. त्याची डोलकाठी किती मागे कललेली आहे, डाउनहॉल, म्हणजे मुख्य शीड खाली ताणणारी दोरी, किती ताणला आहे आणि जिबची दोरी कुठून ओवली आहे हे विचारले, तर हातातले काम बाजूला ठेवून लोक सांगतात. या खेळातले जुने लोक बोलके असतात, कधी कधी थोडे जास्तच.

आरंभाचा क्रम जागतिक नियमांनुसार असा असतो: ५ मिनिटे आधी वर्गाचा झेंडा वर जातो, ४ मिनिटे आधी तयारीचा झेंडा चढतो, १ मिनिट आधी तो एका लांब आवाजासह उतरतो आणि शून्यावर वर्गाचा झेंडा उतरताच शर्यत सुरू होते. घड्याळ पहिल्या झेंड्यावर लावावे, आवाजावर नव्हे, कारण आवाज उशिरा पोहोचतो. कोणी रेषा आधी ओलांडली तर एक्स झेंडा फडकतो आणि त्या होडीने परत येऊन पुन्हा निघायचे असते. नवशिक्याने रेषेच्या गर्दीच्या टोकाला जाऊ नये, दुसऱ्या फळीत, मोकळ्या वाऱ्यात थोडे मागून निघावे. सुरुवातीच्या गोंधळात दोन होड्या एकमेकींना घासल्या तर सगळ्या दिवसाचा विरस होतो.

नियमांचे पुस्तक जाडजूड आहे आणि दर चार वर्षांनी सुधारले जाते, सध्याचे २०२५ ते २०२८ या काळासाठी आहे. त्यातले चार नियम पाठ असले तर पहिला दिवस निभावतो. वारा उजव्या बाजूने येणारी होडी स्टारबोर्डवर असते आणि डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या, म्हणजे पोर्टवरच्या होडीने तिला वाट द्यायची. दोघी एकाच बाजूने वारा घेत शेजारी असतील, तर वाऱ्याकडच्या होडीने दूर राहायचे. मागून येणारीने पुढचीला टाळायचे. टॅक करत असलेल्या होडीने सगळ्यांना वाट द्यायची. खुणेच्या तरंगत्या पिंपाजवळ तीन होड्यांच्या लांबीच्या आत शिरताना आतल्या बाजूला असलेल्या होडीला वळायला जागा देणे हा पाचवा, आणि वादाचे बहुतेक प्रसंग त्यावरूनच उद्भवतात. नियम मोडला असे वाटले, तर लगेच बाजूला होऊन दोन पूर्ण गिरक्या घ्याव्यात. खुणेला स्पर्श झाला तर एक पुरते. पोर्टवरून जाताना समोरून ‘स्टारबोर्ड!’ अशी आरोळी आली, तर वाद न घालता वळावे.

गुणांची पद्धत सोपी आहे. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, असे गुण मिळतात आणि शेवटी सर्वांत कमी गुण असलेला जिंकतो. शर्यत पूर्ण न करणाऱ्याला एकूण नोंदींपेक्षा एक गुण जास्त मिळतो, म्हणून कितीही मागे पडलात तरी समाप्तीची रेषा ओलांडावी. पुरेशा फेऱ्या झाल्या तर सर्वांत वाईट निकाल सहसा वगळला जातो. वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र असतील, तर प्रत्येकीच्या वेळेला तिच्या गुणांकाने भागून निकाल लावतात. पोर्टस्मथ, टेक्सेल आणि एससीएचआरएस या त्यासाठीच्या पद्धती आहेत, आणि त्यामुळे जुन्या संथ होडीलाही नव्या वेगवान होडीला मागे टाकण्याची संधी असते.

परतल्यावर होडीवर गोडे पाणी मारावे. सुकाणूच्या बिजागऱ्या आणि डोलकाठीचा तळ विशेष काळजीने धुवावा, बुचे उघडून हलमध्ये किती पाणी आले ते मोजावे, आणि शीड सावलीत वाळवून मगच गुंडाळावे. निकालाचा कागद लागल्यावर तक्रार करण्याची मुदत किती आहे हे पाहून घ्यावे. ती बहुधा थोडीच असते. पुढच्या होडीच्या स्किपरला, वाऱ्याकडे जाणाऱ्या पहिल्या टप्प्यात तुम्ही कुठल्या बाजूला गेलात आणि का, एवढेच विचारावे. विजेत्यापेक्षा तुमच्या एकच जागा पुढे आलेल्याचे उत्तर जास्त उपयोगी पडते, कारण त्याने केलेली गोष्ट तुम्हाला पुढच्याच वेळी करता येते.

लांब पल्ल्याच्या शर्यती हा पुढचा टप्पा. नेदरलँड्समधील टेक्सेल बेटाला वळसा घालणारी, १९७८पासून चालत आलेली सुमारे १०० किलोमीटरची शर्यत त्यांतली प्रसिद्ध आहे. तिथे भरती-ओहोटी, किनाऱ्यावरची फुटणारी लाट आणि बदलणारा वारा एकाच दिवसात भेटतात. अशा ठिकाणी नाव देण्याआधी आपण दोघे खोल पाण्यात, दमलेले असताना, कोणाच्या मदतीशिवाय होडी सरळ करू शकतो हे पडताळून पाहावे. ते जमत नसेल, तर त्या वर्षी बेटाच्या किनाऱ्यावर उभे राहून होड्या पाण्यात उतरताना पाहाव्यात, आणि कोणाला क्रू हवा आहे का, तेही विचारून ठेवावे.